सीएमए : कारखान्याच्या आतला हिशेब

पेण तालुक्यातला डोलवीचा पोलाद कारखाना, रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतल्या रासायनिक कंपन्या आणि पेण शहरातले गणेशमूर्तींचे कारखाने. माल अगदी वेगळा, पण प्रश्न एकच : एका टनाला, एका बॅचला, एका मूर्तीला खरा खर्च किती आला? याचे उत्तर काढणाऱ्यांसाठी देशात एक स्वतंत्र व्यावसायिक पात्रता आहे. ती म्हणजे कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट, अर्थात सीएमए.

दुसऱ्या महायुद्धात सरकारी पुरवठ्याची अनेक कंत्राटे उत्पादनखर्चावर नफा धरून दिली जात. मग तो खर्च तपासणारे जाणकार हवेतच. 1944 मध्ये या व्यवसायाची संस्था कंपनी म्हणून नोंदली गेली. 1959 मध्ये संसदेने तिच्यासाठी खास कायदा केला. कोलकात्यात मुख्यालय असलेल्या या संस्थेचे ‘इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडिया’ हे आजचे नाव 2012 पासूनचे.

हा हिशेब कसा चालतो ते मूर्तीवरूनच पाहू. समजा, 100 मूर्तींना 40,000 रुपये लागले, म्हणजे नगाला 400. पण हाताळताना नेहमीप्रमाणे 4 फुटल्या, तर तो भार उरलेल्या 96 मूर्तींवर पडतो आणि नगाचा खर्च सुमारे 417 रुपये होतो. पुराचे पाणी शिरून आणखी 10 भिजल्या, तरी 417 बदलत नाही; ते असाधारण नुकसान थेट नफा-तोटा खात्यात जाते. हा भेद कळला नाही, तर भाव चुकलाच म्हणून समजा.

धाटावसारख्या ठिकाणी गुंता वाढतो. एकाच प्रक्रियेतून मुख्य रसायनासोबत जोडउत्पादन निघते. वाफ, वीज आणि सांडपाण्यावरील प्रक्रिया यांचा खर्च उत्पादनांत वाटावा लागतो. प्रदूषण नियंत्रणाच्या खर्चासाठी तर संस्थेचे स्वतंत्र मानकच आहे.

कंपनी कायदा, 2013 च्या कलम 148 नुसार ठरावीक उद्योगांना खर्चाच्या नोंदी ठेवाव्या लागतात. पोलाद, खते, औषधे त्यांत येतात. उलाढाल ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की कॉस्ट ऑडिटही बंधनकारक होते. ते व्यवसाय करणारा सीएमएच करू शकतो. कंपनीच्या नोकरीतला सीएमए नोंदी, अंदाजपत्रक आणि किंमतनिश्चिती सांभाळतो.

परीक्षेचे टप्पे तीन : फाउंडेशन, इंटरमिजिएट आणि फायनल. बारावीनंतर फाउंडेशनपासून सुरुवात होते, पदवीधरांना थेट इंटरमिजिएटला प्रवेश मिळतो. प्रत्येक विषयात किमान 40 टक्के आणि ग्रुपमध्ये सरासरी 50 टक्के गुण हवेत. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. सोबत प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षणही घ्यावे लागते.

अमेरिकेतल्या एका संस्थेची पात्रताही सीएमए याच नावाने ओळखली जाते. भारतातले कॉस्ट ऑडिट मात्र तिच्या जोरावर करता येत नाही. म्हणून प्रवेश घेताना कोणत्या संस्थेचे सीएमए, हे आधी विचारून घ्यावे.