‘तिनंच ठरवलं’... खरंच का?

आई झालेल्या बाईसाठी दोन प्रश्न ठरलेलेच असतात. कामावर गेली तर, ‘एवढ्याशा लेकराला सोडून तुझा पाय कसा निघतो गं?’ आणि घरी राहिली तर, ‘एवढं शिकून शेवटी पोळ्याच लाटायच्या होत्या का?’ गंमत म्हणजे हे प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक वेळा आपण बायकाच असतो. नवऱ्याला मात्र यातलं काहीच कुणी विचारत नाही. दोन्ही प्रश्नांत एक गोष्ट गृहीत असते. तिच्यापुढे दोन वाटा होत्या आणि त्यातली एक तिनं आपल्या मर्जीनं धरली. खरंच तसं असतं का?

आमच्याच घरातलं सांगते. मी बार्शीत एका पतसंस्थेत काम करते. मुलं लहान असताना माझी नोकरी सुटली नाही, म्हणून नातेवाइकांत माझं फार कौतुक. ‘बाई जिद्दीची!’ अहो, जिद्द कसली? सासूबाई घरात होत्या आणि पतसंस्था दहा मिनिटांवर होती. माझी धाकटी जाऊ माझ्याहून जास्त शिकलेली, पण ती पुण्यात. ऑफिस घरापासून दीड तासावर. पाळणाघर सहाला बंद व्हायचं आणि हिची सुटीच सहाला. बाळ नऊ महिन्यांचं असताना तिनं राजीनामा दिला. सगळे म्हणाले, ‘तिनं संसाराला महत्त्व दिलं.’ दिवाळीत चकल्या तळताना ती मला म्हणाली, ‘ताई, मी काही निवडलं नाही. जे उरलं ते घेतलं.’

राजीनाम्याआधी त्यांच्या घरात रीतसर हिशेब झाला होता. पाळणाघराची फी, रिक्षा, बाळाच्या आजारपणातल्या बिनपगारी रजा, सगळं तिच्या पगारातून वजा केलं. मग हाती उरतं काय? कशाला ही धावपळ? आकडे बरोबर होते, पण मांडणी बघा. मूल दोघांचं, मग पाळणाघर एकटीच्याच पगारातून का वजा करायचं? शिवाय हा हिशेब फक्त आजचा. खासगी नोकरीत पीएफची मासिक पेन्शन मिळायला साधारणपणे १० वर्षांची नोकरी भरावी लागते. सातव्या-आठव्या वर्षी काम कायमचं सोडणारीला जमलेली रक्कम मिळते, पेन्शन नाही. मधल्या पगारवाढी आणि बढत्या गेल्या त्या गेल्याच.

‘आता तर कायदा आहे ना?’ असं कुणी म्हणेल. आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोयही सांगितली. पण आपल्या गावातल्या बायका काम करतात कुठे? कापड दुकानात, दवाखान्यात, क्लासमध्ये, नाहीतर पाच-सात माणसांच्या ऑफिसात. तिथे पन्नास माणसं कुठून आणायची? राज्य सरकारी नोकरीतल्या बाईला २०१८ साली १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली. ते चांगलंच झालं. पण दुकानातल्या बाईचं लेकरूही तेवढंच लहान असतं! अंगणवाडीत तीन वर्षांनंतर मूल बसतं, तेही काही तासच. दिवसभराची नोकरी त्यात कशी बसवायची?

काहीजणींपुढे तर हा प्रश्नच येत नाही. बीडकडून ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक ‘कोयता’. दोघांची मजुरी एकत्र, उचलही एकत्र. ‘मी यंदा बाळापायी घरी राहते,’ असं तिनं म्हणायचं कुणाला? बाळ फडाच्या कडेला झोळीत झोपतं. सोलापुरात घरी बसून विड्या वळणारी आई एका पायानं पाळणा हलवते. ती घरी राहणारी की नोकरी करणारी, तुम्हीच सांगा.

आणि आजी? तिला तरी कुणी विचारतं का? सासूबाईंना पंढरीच्या वारीची फार ओढ. माझी दोन्ही मुलं शाळेत जाऊन रुळेपर्यंत सात वर्षं त्यांची वारी राहिली. त्या कधी बोलून दाखवायच्या नाहीत. पण माझ्या ‘जिद्दी’त त्यांची सात वर्षं आहेत, हे मी जाणून आहे.

२०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत दिसलं, की बायका बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, तर पुरुष ८८ मिनिटं. हे आकडे घरकाम करणाऱ्यांचेच आहेत. न करणारे पुरुष त्यात धरलेलेच नाहीत! नोकरी करा नाहीतर घरी राहा, हा डोंगर आहेच.

मला वाटतं, दोन्ही दारं उघडी असतील, आणि एकातून बाहेर पडलेल्या बाईला परत आत येता येत असेल, तरच तिला निवड म्हणावं. कितीतरी जणींना मनापासून घरी राहावंसं वाटतं. त्यात कमीपणा काहीच नाही. पण ती इच्छा आहे की नाइलाज, हे तिला तरी नीट कळू द्या.

म्हणून लेकीसुनेवर ही वेळ येईल तेव्हा घरात चौघांसमोर तीन गोष्टी बोलाच. पाळणाघराचा खर्च दोघांच्या पगारातून धरायचा. मुलाच्या आजारपणात बाबा किती रजा घेणार, हे आधी ठरवायचं. आणि घरी राहायचं ठरलं, तर तिच्या नावावर दर महिन्याला काहीतरी रक्कम पडलीच पाहिजे. पुढच्या वेळी शेजारच्या नव्या आईला ते दोन ठरलेले प्रश्न विचारू नका. ‘तुला काय हवंय गं, आणि त्यासाठी काय लागेल?’ एवढंच विचारा. जमलं तर तासभर तिचं बाळही सांभाळा.