नव्या गाडीला सिरॅमिक कोटिंग : काय मिळतं, काय नाही

नव्या गाडीची चावी हातात पडायच्या आधीच शोरूममध्ये विचारतात, 'सिरॅमिक कोटिंग करायचं ना? ९एच आहे!' हे ९एच म्हणजे पेन्सिलीच्या कडकपणाची मोजणी. एचबी, २एच आपण शाळेत वापरलेली, त्याच रांगेतली ही अतिशय कडक पेन्सिल. हिऱ्याला १० गुण देणाऱ्या मोह्स मापाशी तिचा संबंध नाही.

आता जाडी बघा. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा. कोटिंग त्यावर जेमतेम एक-दोन मायक्रॉन. हायवेवर उडालेला खडा ते अडवणार नाही. त्यासाठी पीपीएफची जाड फिल्म लागते. मग कोटिंग देतं काय? चकाकी टिकते, चिखल कमी चिकटतो, धुणं सोपं होतं. बोअरचं पाणी उन्हात वाळलं तर क्षारांचे डाग मात्र त्यावरही पडतात.

म्हणून ब्रँडच्या आधी तयारी विचारा. नव्या गाडीवरही धुण्या-पुसण्याचे बारीक ओरखडे असू शकतात. पॉलिश करून ते काढले नाहीत, तर कोटिंगखाली तसेच राहतात. लावल्यावर गाडी किती तास छपराखाली ठेवणार, वॉरंटीत नेमकं काय येतं, हे लेखी घ्या.

आणि सोसायटीत एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात ना? त्या फडक्यातली वाळू कोटिंगलाही ओरखडते. पैसे मोजण्याआधी ते फडकं बदला.