संगणक रांगतोय? जुने प्लगइन काढा

भामरागड, एटापल्ली, सिरोंचा किंवा जिवतीसारख्या तालुक्यांत दाखल्यासाठी येणारा माणूस जंगलवाट तुडवून येतो. सेवा केंद्रातला संगणक अडला, तर त्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते. अनेकदा दोष नेटवर्कचा नसतो. ब्राउझरमध्ये साचलेल्या जुन्या जोडण्यांचा, म्हणजे प्लगइनचा, आणि कालबाह्य सॉफ्टवेअरचा असतो. त्यांतली ही काही :

● जावा : डिजिटल स्वाक्षरी आणि ई-निविदांसाठी अनेक सरकारी संकेतस्थळांना जावा ॲपलेट लागे. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने त्याचा आधार काढला.

● फ्लॅश : ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने आधार थांबवला, १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशचा मजकूर चालणेच बंद झाले.

● इंटरनेट एक्सप्लोरर : विंडोज १० वर १५ जून २०२२ रोजी निवृत्त. जुनी संकेतस्थळे आता 'एज' ब्राउझरमधील आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोडमध्ये उघडता येतात.

● विंडोज ७ : त्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची.

काय करावे?

१. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. कोणते एक्स्टेन्शन किती मेमरी खाते ते दिसेल.

२. अनोळखी टूलबार, फ्लॅश आणि वापरात नसलेले जावा 'कंट्रोल पॅनल'मधून काढा.

३. डिजिटल स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर संबंधित विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

सरकारी संकेतस्थळेही जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावर चालतील अशीच बांधली पाहिजेत. दुर्गम भागातल्या माणसाचा वेळही तितकाच मोलाचा आहे.