मेद : कोठार कीं अवयव?

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गास पाठ देत असतां मीं फळ्यावर मेदपेशीचें चित्र काढिलें. चित्र सोपें असतें. एक मोठें वर्तुळ काढावें, त्यांत तेलाचा एकच टपोरा थेंब दाखवावा, आणि पेशीचें केंद्र अंगठीच्या खड्याप्रमाणें कडेला बसवावें. चित्राखालीं मीं 'कोठार' असा शब्द लिहिला, कारण माझ्या विद्यार्थिदशेंत मला तसेंच शिकविलें होतें. तास संपत आला तेव्हां मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, कोठारांत धान्य जास्त झालें तर घरांत आजार कां यावा? माझ्या वडिलांना डॉक्टर म्हणाले कीं, पोट वाढलें म्हणून मधुमेह झाला." कांहीं मुलें हंसलीं, कारण तो मुलगा स्वतः अंगानें स्थूल आहे. हंसणारांस मीं दटावलें खरें. परंतु त्या प्रश्नाचें धड उत्तर त्या दिवशीं मला देतां आलें नाहीं. पुढें सुटींत जें वाचलें तें येथें मांडीत आहें. त्या मुलाच्या वडिलांनींहि हें वाचावें अशी माझी इच्छा आहे.

प्रथम इन्सुलिन म्हणजे काय तें पाहूं. आपण भात खावा कीं भाकरी, तिचें पचन होऊन अखेर द्राक्षशर्करा रक्तांत उतरते. स्वादुपिंडांतील सूक्ष्म पेशिपुंज हें ओळखतात व इन्सुलिन नांवाचें प्रथिन रक्तांत सोडतात. तें स्नायूंच्या दारीं जाऊन 'साखर आंत घ्या' अशी वर्दी देतें, आणि यकृतास 'आतां नवी साखर बनवूं नका' असें बजावितें. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो शहरीं बँटिंग व बेस्ट यांनीं स्वादुपिंडाच्या अर्कांत हें द्रव्य पकडलें, आणि १९२२ च्या जानेवारींत तें लिओनार्ड टॉम्प्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलास टोंचण्यांत आलें. तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षें जगला. साहजिकच लोकांस वाटूं लागलें कीं, मधुमेह म्हणजे इन्सुलिनची उणीव, दुसरें कांहीं नाहीं. परंतु १९३६ सालीं लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनीं दाखवून दिलें कीं, कित्येक रोग्यांस इन्सुलिन टोंचूनहि त्यांची साखर फारशी उतरत नाहीं. पुढें १९६० च्या सुमारास न्यूयॉर्क येथें रोझॅलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनीं रक्तांतील इन्सुलिन मोजण्याची रीत शोधून काढिली, तेव्हां प्रौढपणीं मधुमेह जडलेल्या अनेकांच्या रक्तांत तें कमी नसून उलट अधिकच असल्याचें आढळलें.

हें कसें व्हावें? आपल्या शाळेच्या घंटेचें उदाहरण घ्या. शिपाई घंटा देतो आणि मुलें वर्गांत जातात. एके दिवशीं मुलें खेळांत रंगून गेलीं व घंटा कोणी मनावर घेईना, तर शिपाई ती अधिक जोरानें बडवूं लागेल. पटांगण अखेर रिकामें होईलहि; पण रोज असेंच चाललें तर बडवणाराचा हात केव्हां तरी भरून येईल. स्वादुपिंडाचें असेंच होतें. ऐकणारे बहिरे झाले म्हणजे तें अधिक इन्सुलिन सोडतें, वर्षानुवर्षें सोडीत राहातें, आणि ज्याच्या स्वादुपिंडास तेवढें बळ नसतें त्याच्या ठायीं मधुमेह प्रकट होतो. या बहिरेपणास इन्सुलिनप्रतिरोध म्हणतात. आतां ऐकणारांच्या कानांत बोळे कोण घालतें, हा प्रश्न उरतो.

स्थूलपणाचा व या रोगाचा संबंध आहे हें ज्ञान नवें नाहीं. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे सहज व अपथ्यजन्य असे दोन भेद सांगून, पहिला रोगी कृश व दुसरा स्थूल असतो असें नमूद केलेलें आहे. संबंध दिसत होता. त्यामागची यंत्रणा मात्र कळत नव्हती. मेद स्वतः कांहीं करीत असेल अशी शंकाच फार थोड्यांस आली. ती शंका पुढें उंदरांनीं पक्की केली.

अमेरिकेंतील मेन प्रांतीं बार हार्बर येथें जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथें १९४९ सालीं उंदरांच्या एका वंशांत विलक्षण लठ्ठ पिलें निपजलीं. त्यांचें वजन साधारण उंदराच्या तिप्पट होई, आणि तीं सदा भुकेलीं असत. कांहीं वर्षांनीं दुसऱ्या एका वंशांत तशींच लठ्ठ व शिवाय तीव्र मधुमेह असलेलीं पिलें आढळलीं. डग्लस कोलमन या संशोधकानें दोन दोन उंदरांचीं शरीरें शस्त्रक्रियेनें अशीं जोडलीं कीं, एकाचें रक्त दुसऱ्यांत खेळावें. पहिल्या वंशाचा लठ्ठ उंदीर निरोगी उंदरास जोडला असतां तो लठ्ठ उंदीर कमी खाऊं लागला. दुसऱ्या वंशाचा जोडला तर निरोगी उंदरानें खाणेंच सोडलें व तो उपासानें मेला. मग कोलमननें दोन्ही लठ्ठांस एकत्र जोडलें. तेव्हां पहिल्या वंशाचा उंदीर अन्नावांचून मेला आणि दुसरा पूर्वीसारखाच खात राहिला. मुलांनो, येथें क्षणभर थांबून स्वतःच तर्क करून पाहा. कोलमनचा तर्क असा होता : 'पुरे झालें' असें सांगणारें कांहीं द्रव्य रक्तांतून वाहातें, पहिल्या वंशास तें बनवितां येत नाहीं, दुसरा वंश तें भरपूर बनवितो, पण त्यास तें ऐकूं येत नाहीं.

तर्क बरोबर होता, पण द्रव्य हातीं येण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. १९९४ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनीं त्याचें जनुक शोधून काढिलें. तें द्रव्य प्रथिन निघालें, आणि आश्चर्य हें कीं, तें बनविण्याचें काम मुख्यतः मेदपेशीच करीत होत्या. 'सडपातळ' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास लेप्टिन असें नांव मिळालें. त्या दिवसापासून मेद हें केवळ कोठार राहिलें नाहीं. तें ग्रंथींच्या पंक्तींत येऊन बसलें.

१९९७ सालीं केंब्रिज येथील डॉक्टरांनीं दोन चुलत भावंडांची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगी आठ वर्षांची व ८६ किलो वजनाची; मुलगा दोन वर्षांचा व २९ किलोचा. कुटुंब मूळचें पाकिस्तानचें. दोघांच्याहि शरीरांत जन्मतः लेप्टिन बनत नव्हतें. त्या मुलीस लेप्टिन टोंचूं लागल्यावर एका वर्षांत तिचें वजन सुमारें सोळा किलोंनीं उतरलें व तिची अनावर भूक शमली. अशी मुलें फार विरळा असतात हें खरें. तथापि वर्गांतल्या एखाद्या स्थूल मुलास 'खादाड' म्हणून हांक मारणारांनीं या मुलीचें स्मरण ठेवावें. भूक ही सर्वस्वीं मनाच्या निग्रहाची बाब नसते.

मग सर्वच स्थूल माणसांस लेप्टिन टोंचावें, असें वाटणें स्वाभाविक होतें. परंतु तपासणींत दिसलें कीं, बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तांत लेप्टिन आधींच विपुल असतें. मेंदू त्याची दाद घेत नाहीं. म्हणजे येथेंहि घंटा व बहिरेपण यांचीच गोष्ट.

आतां बोळे घालणारांकडे वळूं. १९९३ सालीं, म्हणजे लेप्टिनच्याहि आधीं, बोस्टन येथें होतामिश्लिगिल व स्पीगेलमन यांनीं दाखविलें कीं, लठ्ठ उंदरांच्या मेदांतून ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर नांवाचें एक प्रथिन पाझरतें. त्याचें एरवींचें काम दाह उत्पन्न करण्याचें. तें निष्फळ केलें असतां त्या उंदरांचें इन्सुलिन पुन्हां नीट काम करूं लागलें. हें घडतें कसें तें थोडक्यांत सांगतों. इन्सुलिन पेशीच्या पृष्ठावरील ग्राहकास बिलगलें म्हणजे पेशीच्या आंत निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो, व शेवटीं साखरेचीं दारें पृष्ठाशीं येऊन उघडतात. प्रत्येक टप्प्यावर फॉस्फेटाची एक खूण ठराविक जागीं लागावी लागते. दाहकारक प्रथिनांच्या चिथावणीनें ती खूण भलत्याच जागीं लागते आणि निरोप मधल्यामधें अडकतो. ग्राहक शाबूत, इन्सुलिन शाबूत, पण दार बंद. पुढें २००३ सालीं असें आढळलें कीं, फुगलेल्या मेदांत रक्तांतील भक्षकपेशी मोठ्या संख्येनें शिरून ठाण मांडतात, व या दाहकारक प्रथिनांचा बराच भाग त्याच बनवितात. मनुष्यांत मात्र हें एकच प्रथिन निष्फळ करून मधुमेह हटला नाहीं. उंदरावरून माणसाचें अनुमान करतांना जपून पाऊल टाकावें लागतें तें असें. २००१ सालीं सांपडलेल्या रेझिस्टिनची गतहि तीच : उंदरांत तें मेदपेशींतून निघतें, माणसांत मुख्यतः भक्षकपेशींतून.

या सर्वांत मला अधिक नवल वाटलें तें ॲडिपोनेक्टिनचें. १९९५ व १९९६ या दोन वर्षांत अमेरिका व जपान येथील चार निरनिराळ्या मंडळींनीं तें स्वतंत्रपणें शोधिलें व चार निराळीं नांवें दिलीं. हें मेदाचें हितकारक प्रथिन. स्नायूंस तें मेद जाळण्यास लावितें, यकृतास साखर बनविण्यापासून आवरतें, आणि अशा रीतीनें इन्सुलिनची वर्दी ऐकूं येण्यास साह्य करितें. लेप्टिनच्या मानानें तें रक्तांत हजारपटीहून अधिक असतें. गंमत पाहा : मेद वाढला तर मेदाचें प्रथिन वाढावें असें कोणीहि म्हणेल, पण स्थूलपणांत हें प्रथिन घटतें, आणि वजन उतरलें कीं पुन्हां वाढतें. पेशी लहान व स्वस्थ असतां जें हातचें राखून न ठेवितां देते, तें फुगून दाहानें पीडित झाल्यावर देईनाशी होते.

यावरून मेदच नसावा हें उत्तम, असें कोणी समजूं नये. ज्यांच्या अंगीं मेद जवळजवळ नसतोच अशा दुर्मिळ रोग्यांतहि तीव्र इन्सुलिनप्रतिरोध व मधुमेह आढळतो. ठेवण्यास जागा नसल्यामुळें चरबी यकृतांत व स्नायूंत शिरते, आणि लेप्टिन व ॲडिपोनेक्टिन बनविणारें कोणी उरत नाहीं. जपानी संशोधकांनीं २००१ सालीं अशा मेदहीन उंदरांस ॲडिपोनेक्टिन दिलें तेव्हां प्रतिरोध अंशतः गेला. लेप्टिनची जोड दिल्यावर पूर्णपणें गेला.

आतां त्या मुलाच्या वडिलांविषयीं. शाळेंत मीं त्यांस पाहिलें आहे. पोट सोडल्यास ते मुळींच लठ्ठ नाहींत. मेद किती यापेक्षां तो कोठें सांठला आहे यास पुष्कळ महत्त्व आहे. मांड्यांवरचा मेद बराचसा निरुपद्रवी असतो. आंतड्यांभोंवतींचा मेद दाहकारक प्रथिनें व मेदाम्लें अधिक सोडतो, आणि तीं तेथून थेट यकृतांत जातात. आपल्या लोकांत हा प्रकार विशेष आहे, व तो पुण्यास स्पष्ट झाला. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉक्टर जॉन यडकिन यांचें एकत्र छायाचित्र २००४ सालीं एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलें. दोघांचें वजन व उंची यांचें प्रमाण अगदीं एकच, २२.३, पण यडकिन यांच्या शरीरांत मेद शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या शरीरांत शेंकडा २१.२. म्हणून वजनकांट्यावर विसंबून न राहातां कंबरेस फीत लावून पाहावी. आपल्याकडे पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानितात. आणि हें सुधारतां येतें. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांवर अमेरिकेंत झालेल्या व २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत, वजन शेंकडा सात उतरविणें व आठवड्यास दीडशें मिनिटें चालणें एवढें ध्येय ठेवणाऱ्यांत रोगाचें प्रमाण शेंकडा ५८ नें घटलें.

याज्ञिक यांच्या मंडळींनीं पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर मातांची व पुढें त्यांच्या मुलांचीहि पाहणी चालविली. इंग्लंडांतील साउथॅम्प्टनचीं अर्भकें जन्मतः सुमारें साडेतीन किलोंचीं, हीं पावणेतीन किलोंच्याहि आंतलीं. हात बारीक, पोट लहान. पण पाठीवर खांद्याखालची कातडी चिमटींत धरून मोजली तर तेथील मेद साउथॅम्प्टनच्या बाळांच्या जवळपास. मेदाचें व इन्सुलिनचें हें नातें आपल्याकडे जन्मापूर्वींच जुळूं लागतें, असें त्यावरून दिसूं लागलें. तीं बाळें आतां प्रौढ झालीं आहेत.