हरिहरेश्वरी तापलेल्या कार्डाची तहकिकात

सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते त्या मुखाच्या उत्तर तीरावर वसलेल्या आणि दक्षिणकाशी म्हणून भाविकांत ख्यात असलेल्या हरिहरेश्वरी, नारळीपोफळीच्या वाडीतल्या एखाद्या घरात वैशाखाच्या दुपारी संगणकावरचा खेळ ऐन रंगात यावा, आणि त्याच क्षणी यंत्रातले पंखे घोंघावू लागून पडद्यावरची चित्रे अडखळावीत व अखेरीस पडदाच काळा पडावा, असा प्रसंग उद्भवला, तर घरातील वडीलधाऱ्यांचा निकाल तयार असतो. ‘किनाऱ्याची दमट हवा, दुसरं काय!’ असे म्हणून प्रकरण दफ्तरी दाखल केले जाते. हा निकाल पुरावा न तपासता दिलेला असतो, आणि गंमत अशी की तो निम्माच चुकीचा आहे.

आपल्या देहाची उष्णता घामाच्या बाष्पीभवनाने कमी होते. हवेत बाष्प आधीच दाटलेले असले म्हणजे घाम वाळत नाही, आणि म्हणून पारा तेहेतीस अंशांवर असूनही कोकणात जीव कासावीस होतो. संगणकात पडद्यावरची चित्रे रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला मात्र घाम येत नाही. त्याला हवेच्या कोरड्या तापमानाशीच काय तो मतलब असतो, आणि या दृष्टीने पाहिले तर ज्या चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो तेथील कार्ड हरिहरेश्वरच्या कार्डापेक्षा अधिक दयनीय अवस्थेत असते, जरी त्याचा धनी कूलरसमोर बसून कोकणातल्या माणसाची कीव करीत असला तरी.

चित्रांच्या कोट्यवधी बिंदूंची मोजदाद करणारी जी चिप या कार्डाच्या मध्यभागी असते, ती जेवढी वीज घेते तेवढी जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णतेच्या रूपाने परत करते. एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ३०६० या मध्यम प्रतीच्या कार्डाला १७० वॉट वीज लागते, म्हणजे छताच्या जुन्या दोन पंख्यांहून अधिक. त्याच कंपनीच्या आरटीएक्स ४०९० चा खर्च ४५० वॉटपर्यंत जातो. ही उष्णता चिपवरच्या थर्मल पेस्टमधून तांब्याच्या नळ्यांत, नळ्यांतून ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांत, पात्यांतून पंख्याने ढकललेल्या हवेत, तेथून कॅबिनेटबाहेर आणि सरतेशेवटी खोलीबाहेर जावी लागते. या वाटेवरचा एकही नाका बंद पडला की मागे सारा खोळंबा होतो, आणि मग कार्ड स्वसंरक्षणार्थ आपला वेग स्वतःच घटवते. चित्रे अडखळतात ती बहुधा याच कारणाने.

तेव्हा तहकिकातीचा पहिला दस्तऐवज म्हणजे तापमानाची नोंद. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो हे विनामूल्य प्रोग्राम ती दाखवतात. परंतु नुसता ‘ऐंशी अंश’ हा आकडा काही सांगत नाही. त्यातून खोलीचे तापमान वजा करावे लागते. कितीही पंखे लावले तरी कार्ड खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि भार व पंख्यांचा वेग तोच राहिला तर या दोहोंमधले अंतर बहुतांशी कायम राहते. खोली ३४ अंशांवर असता ७९ अंश दाखवणारे कार्ड पौषात, खोली २२ अंशांवर असता ६७ दाखवील. अंतर दोन्ही वेळा ४५ चेच, म्हणजे कार्ड निर्दोष. याउलट गेल्या वर्षी जे अंतर ४५ होते ते यंदा ६० झाले असेल, तर दोष ऋतूवर ढकलता येत नाही. एनव्हिडियाच्या अलीकडच्या अनेक कार्डांची कमाल मर्यादा ९० ते ९३ अंशांच्या आसपास दिलेली असते, आणि एएमडी कंपनी आपल्या अनेक कार्डांच्या सर्वांत तप्त बिंदूला ११० अंशांपर्यंत मुभा देते, हे ठाऊक असले म्हणजे विनाकारण घाबरगुंडी उडत नाही.

अंतर वाढले आहे असे ठरल्यावर कॅबिनेटची बाजूची झडप काढून तोच खेळ पुन्हा चालवावा. तापमान आठदहा अंशांनी उतरले, तर कार्ड सुटले आणि कॅबिनेट गुन्हेगार ठरले. समोरून अखंड काच असलेली देखणी कॅबिनेटे विकत घेणाऱ्यांना हे सांगणे मनस्तापाचे असते. पण त्याहून मोठा अपराध आपल्याकडच्या संगणक-टेबलांच्या बंद कप्प्याचा असतो, ज्यात यंत्र भिंतीला पाठ लावून कोंबलेले असते आणि बाहेर टाकलेली तप्त हवाच पुनःपुन्हा आत घेत असते.

झडप काढूनही फरक पडला नाही, तर पात्यांतली धूळ पाहावी. आणि हवेवर खापर फोडणारे वडीलधारे उरलेल्या निम्म्या भागात बरोबर ठरतात ते इथे. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणामार्गावर पायऱ्या उतरून समुद्रालगत गेले की काळ्या खडकात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जी कोरीव छिद्रे दिसतात, ती घडवण्यात लाटांबरोबरच मिठाचाही हात आहे. खारे पाणी खडकात मुरते, वाळते, आणि त्यातले मीठ स्फटिक होताना कण कण उखडत जाते. तेच मीठ सूक्ष्म तुषारांच्या रूपाने वाऱ्याबरोबर घराघरांत येते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले बाष्प शोषून स्वतःच विरघळते, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ही आर्द्रता सर्रास त्याहून अधिक असते. परिणामी देशावरच्या घरात जी धूळ फुंकरीने उडाली असती, ती इथे चिकट लेप होऊन पात्यांना धरून बसते. शिवाय हा ओला खारा लेप ॲल्युमिनियम पोखरतो आणि विजेचा वाहकही असतो, म्हणून कार्डाच्या उघड्या जोडण्यांना तो उष्णतेहून घातक.

नुसत्या ब्लोअरने हा लेप निघत नाही. विजेची वायर काढून, कार्ड बाहेर घेऊन, मऊ ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाती पुसावीत व पूर्ण वाळल्यावरच यंत्र जोडावे. ब्लोअर वापरताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. ती मोकळी सोडली तर नेमलेल्या वेगापेक्षा जास्त फिरून बेअरिंग खराब होते.

चिपचे सरासरी तापमान ठीक, परंतु सर्वांत तप्त बिंदू त्याहून पंचवीस-तीस अंशांनी वर, असे दिसले तर संशय थर्मल पेस्टवर घ्यावा, कारण वर्षानुवर्षे तापून निवून ती कडेला सरकते किंवा सुकते. ती बदलण्यासाठी कार्ड उघडावे लागते आणि तसे केल्यास काही कंपन्यांची वॉरंटी जाते. म्हणून वॉरंटी शिल्लक असेल तर दुरुस्तीसाठी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर धाव घेण्याआधी पावती शोधावी, हे उत्तम.

पण हे सारे करण्यापूर्वी ज्याला एक पैसा लागत नाही असा एक उपाय आहे, आणि तो लोक का टाळतात हे मला कधी उमगलेले नाही. पडदा सेकंदाला साठच चित्रे दाखवू शकत असता कार्डाकडून दोनशे काढून घेणे ही निव्वळ वेठबिगारी होय. जुलै २०२१ मध्ये ‘न्यू वर्ल्ड’ या खेळाच्या चाचणीत केवळ मेनूचे स्थिर चित्र समोर असताना काही महागडी आरटीएक्स ३०९० कार्डे निकामी झाली, तेव्हा खेळ बनवणाऱ्या ॲमेझॉनने मेनूतल्या चित्रांच्या वेगाला मर्यादा घातली. दगावलेल्या आपल्या कार्डांत डाख देण्याचा दोष होता, हे इव्हीजीए कंपनीने पुढे कबूल केले. खेळाच्या सेटिंगमध्ये साठची मर्यादा घालावी; आणि आफ्टरबर्नर या प्रोग्राममधून विजेची कमाल ऐंशी टक्क्यांवर आणावी. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेगाचे अखेरचे चार टक्के फार महागात पडतात, आणि ते सोडून दिले तर खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

मुंबईहून वातानुकूलित गाडीतून यंत्र गावी नेणाऱ्यांनी ते उतरवल्याबरोबर सुरू करू नये. थंड धातूवर दमट हवेचे दव धरते, ते वाळायला काही तास द्यावेत. आणि पावसाळ्यात पर्यटक नाहीत म्हणून घर मिटून जाणाऱ्यांनी यंत्र चार महिने तसेच खोलीत सोडू नये. एरवी ज्या उष्णतेची फिर्याद आपण करतो, तीच चालू यंत्राच्या पोटातली सापेक्ष आर्द्रता खाली आणून मीठ कोरडे ठेवते. तेव्हा कुणी घरी असेल तर आठवड्यातून दोनतीनदा तासभर संगणक लावावा, नसेल तर कार्ड काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे.