सत्तांतर आणि सातत्य : भोपाळच्या अनुभवाच्या प्रकाशात

शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी राजकारणाचा विषय निवडावा की नाही, याविषयी मतभेद संभवतात. परंतु ज्या वर्गांत आपण नागरिकशास्त्राचे पहिले धडे गिरवले, त्याच वास्तूच्या वतीने निघणाऱ्या पुस्तिकेत त्या धड्यांचे पुढे काय झाले याचा विचार होणे अप्रस्तुत नाही. निवडणुकीत लोक सरकार बदलू शकतात आणि सरकार बदलले की कारभार बदलतो, असे आपण शिकलो. यातील पहिले विधान अनुभवाने खरे ठरले आहे. दुसऱ्याविषयी मात्र शंका घेणाऱ्यांची संख्या वाढत आहे. ही शंका कितपत रास्त आहे आणि ती रास्त असेल तर नागरिकाने काय करावे, हे येथे पाहावयाचे आहे.

भारतातील पुष्कळ राज्यांत प्रादेशिक पक्षांनी राजकारणाला तिसरा किंवा चौथा कोन दिला. मध्य प्रदेशात तसे घडले नाही. १९६७ ते १९६९ मधील संयुक्त विधायक दलाचा आणि १९७७ नंतरचा जनता पक्षाचा काळ वगळला, तर येथील सत्ता प्रथम काँग्रेसकडे आणि १९९० पासून काँग्रेस व भारतीय जनता पक्ष यांच्यापैकी एकाकडे राहिली आहे. २०१८ च्या निवडणुकीत भाजपला ४१.०२ टक्के, तर काँग्रेसला ४०.८९ टक्के मते पडली. तरीही जागा अनुक्रमे १०९ व ११४ मिळाल्याने सरकार काँग्रेसचे आले. २०२३ मध्ये २३० पैकी २२९ जागा या दोन पक्षांनीच वाटून घेतल्या. सारांश, मतदारापुढे दोनच दारे आहेत. "दगडापेक्षा वीट मऊ" एवढाच विवेक त्याच्या हाती उरतो.

या दोन पक्षांमधली भिंतही वाटते तितकी जाड नाही. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. १९६७ मध्ये विजयाराजे शिंदे यांच्या पुढाकाराने काँग्रेसचे ३६ आमदार फुटले आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांचे मंत्रिमंडळ कोसळले. मार्च २०२० मध्ये त्यांचे नातू ज्योतिरादित्य शिंदे काँग्रेसमधून भाजपमध्ये गेले, त्यांच्या समर्थक आमदारांनी राजीनामे दिले आणि कमलनाथ सरकार पायउतार झाले. मतदाराने एका पक्षाला दिलेले मत दुसऱ्या पक्षाच्या सरकारची पायरी ठरते, हे त्याने डोळ्यांदेखत पाहिले आहे.

तथापि, पक्षांतर हे भ्रमनिरासाचे वरवरचे कारण होय. खरे कारण कारभाराच्या सातत्यात शोधले पाहिजे, आणि त्यासाठी भोपाळइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

सातत्य ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. सरकार येते आणि जाते. राज्यसंस्था मात्र टिकून राहावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातून कितीतरी मराठी कुटुंबे बदलीने भोपाळात आली. मंत्री बदलला तरी नस्ती त्याच कपाटात राहते आणि निवृत्तिवेतन त्याच तारखेला मिळते, हे त्या कुटुंबांना कोणी वेगळे शिकवावे लागले नाही. हे दायित्वाचे सातत्य झाले. त्याच कपाटात दुसरेही एक सातत्य नांदते. ते टाळाटाळीचे. पहिल्याचा भंग झाला तर नागरिक ओरडतो. दुसरे मात्र त्याच्या ध्यानात यायलाच वर्षे जातात, कारण दर पाच वर्षांनी कपाटासमोरचा माणूस बदललेला असतो.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि पहाटेपर्यंत हजारो माणसे मरून पडली. मार्च १९८५ मध्ये संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे घेतला. शासन जणू पीडितांचे पालक झाले. त्यामागे तर्क होता : बलाढ्य परदेशी कंपनीशी गरीब माणूस एकटा कसा लढणार? परंतु त्यामुळे पीडितांचा स्वतः तडजोड करण्याचा किंवा नाकारण्याचा हक्क संपला. भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी डिसेंबर १९८७ मध्ये ३५० कोटी रुपयांची अंतरिम मदत देण्याचा आदेश कंपनीला दिला. उच्च न्यायालयाने ती रक्कम २५० कोटींवर आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असतानाच फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. ज्यांच्या नावाने दावा होता, त्यांना तिची वार्ता नंतर कळली.

त्याच वर्षाअखेर केंद्रात सत्तांतर झाले. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने तडजोडीच्या फेरविचाराला पाठिंबा दिला आणि पीडितांना दरमहा २०० रुपयांची अंतरिम मदत सुरू केली. सरकार बदलल्याने काहीच होत नाही, असे म्हणणे म्हणूनच अतिशयोक्तीचे आहे. पण ते सरकार वर्षभरही टिकले नाही.

ऑक्टोबर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तडजोड कायम ठेवली, फौजदारी खटले पुन्हा जिवंत केले आणि दोन गोष्टी केंद्रावर सोपविल्या. भरपाईची रक्कम अपुरी पडल्यास तूट केंद्राने भरून काढावी, ही एक. ज्यांच्यात आजाराची लक्षणे अद्याप दिसलेली नाहीत अशा सुमारे एक लाख लोकांसाठी, तसेच पुढे जन्मणाऱ्या मुलांसाठी वैद्यकीय विमा उतरवावा, ही दुसरी. विमा उतरविणे हे काही क्रांतिकारक काम नव्हे. त्यासाठी कोणत्याही विचारसरणीला मुरड घालावी लागत नव्हती. तरीही नरसिंह राव, वाजपेयी, देवेगौडा, गुजराल, मनमोहन सिंग आणि नरेंद्र मोदी या सहा पंतप्रधानांच्या कारकिर्दींत तो विमा उतरविला गेला नाही. १४ मार्च २०२३ रोजी घटनापीठाने वाढीव भरपाईची याचिका फेटाळताना ही केंद्राची घोर निष्काळजी असल्याचे नमूद केले. ती याचिका २०१० मध्ये काँग्रेसप्रणीत सरकारने दाखल केली होती आणि भाजपप्रणीत सरकारने ती शेवटपर्यंत चालविली. मागणीत जसे सातत्य राहिले, तसेच कर्तव्याच्या विस्मरणातही राहिले. आणि त्या विस्मरणाची किंमत याचिका ज्यांच्या हिताची होती त्यांनीच मोजली.

फौजदारी बाजूची कथाही अशीच आहे. कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन यांना ७ डिसेंबर १९८४ रोजी भोपाळमध्ये अटक झाली आणि त्याच दिवशी जामिनावर सोडून राज्य शासनाच्या विमानाने दिल्लीला पोहोचविण्यात आले. तेव्हा राज्यात आणि केंद्रात काँग्रेस होती. या गोष्टीचा भाजपने पुढे सतत उच्चार केला, तो योग्यच होता. परंतु २००२ मध्ये, भाजपच्या नेतृत्वाखालील सरकार केंद्रात असताना, अँडरसन यांच्यावरील आरोप सौम्य करावा असा अर्ज केंद्रीय अन्वेषण विभागाने केला; तो भोपाळच्या न्यायालयाने नाकारला. भारतीय आरोपींवरील सदोष मनुष्यवधाचा आरोप १९९६ मध्येच निष्काळजीपणापर्यंत खाली आला होता. त्याला आव्हान देण्याचे कोणत्याही सरकारला १४ वर्षे सुचले नाही. ७ जून २०१० रोजी दोन वर्षांच्या शिक्षा जाहीर झाल्या, आरोपी जामिनावर घरी गेले आणि देशभर संताप उसळला; मग आव्हान दिले गेले. ते २०११ मध्ये फेटाळले गेले.

राज्यात १९८४ पासून दहा व्यक्ती मुख्यमंत्रिपदी बसल्या. कारखान्याची जमीन १९९८ मध्ये राज्य शासनाच्या ताब्यात आली. तेथील विषारी कचऱ्यापैकी ३३७ टन कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद वाहनांतून इंदूरजवळच्या पीथमपूरकडे निघाला. तोही उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत घातल्यावर. पीथमपूरच्या रहिवाशांनी विरोध केला. न्यायालयाच्या देखरेखीखाली जून २०२५ अखेर तो जाळून झाला. जमिनीत आणि भूजलात मुरलेले दूषण या ३३७ टनांत धरलेले नाही.

असे का घडते? त्याची तीन कारणे दिसतात. शासन येथे केवळ पालक नव्हते; कारखान्याला परवानगी देणारे आणि त्याची तपासणी करणारेही तेच होते. आपल्याच चुका उघड होतील अशा खटल्यात कोणताही अधिकारी उत्साह दाखवीत नाही. दुसरे असे की, १९९१ नंतर परदेशी भांडवलाला आमंत्रण देण्याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत झाले आणि परदेशी कंपनीला कठोरपणे जाब विचारणे दोघांनाही अडचणीचे वाटू लागले. तिसरे कारण मतदानाच्या हिशेबातले. भोपाळच्या मतदारांनी १९८९ पासून प्रत्येक लोकसभा निवडणुकीत भाजपचाच उमेदवार निवडून दिला. जेथे निकाल आधीच ठरलेला असतो, तेथे जिंकणाऱ्याला भीती नसते आणि हरणाऱ्याला आशा नसते.

या अनुभवातून उद्वेग येणे स्वाभाविक आहे. २०१८ मध्ये राज्यात पाच लाखांहून अधिक मतदारांनी "वरीलपैकी कोणीही नाही" हा पर्याय निवडला. २०२४ मध्ये इंदूरच्या काँग्रेस उमेदवाराने अर्ज मागे घेऊन भाजपची वाट धरली, तेव्हा तेथे या पर्यायाला २,१८,६७४ मते पडली. विजयी उमेदवाराला मात्र बारा लाखांहून अधिक मते मिळाली होती. नकाराने निषेधाची नोंद होते. कपाटातील नस्ती तेवढ्याने हलत नाही.

ती हलविली कोणी, हेही भोपाळनेच दाखविले आहे. अब्दुल जब्बार यांच्या संघटनेतील स्त्रिया वर्षानुवर्षे दर आठवड्याला एकत्र जमत राहिल्या. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी कामगार स्त्रियांना घेऊन लढा दिला. २००६ आणि २००८ मध्ये पीडित भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेले. २००४ मध्ये दूषित वस्त्यांना शुद्ध पाणी देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून मिळाला आणि २०१२ मध्ये वैद्यकीय नोंदी व उपचारांविषयी निर्देश मिळाले, ते याचिकाकर्त्यांच्या चिकाटीमुळे. यांपैकी कोणी सत्तेवर येणार नव्हते. म्हणूनच सत्तेवर येताच विरोधातील भाषा विसरण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही.

तात्पर्य, मतदान हे नागरिकाच्या कामाचा आरंभ आहे. सरकारची स्मृती पाच वर्षांची असते आणि विरोधी पक्षाची त्याहूनही थोडी. नस्तीचा क्रमांक, न्यायालयाच्या आदेशाची तारीख आणि दिलेल्या वचनाचा नेमका शब्द लक्षात ठेवणारे लोक ज्या गावात असतात, तेथे टाळाटाळीला दायित्वापुढे नमावे लागते. १९९१ च्या निकालातील विम्याचे ते एक वाक्य बत्तीस वर्षे कागदावर होते. ते दर वर्षी मोठ्याने वाचून दाखविणारे पुरेसे आवाज मात्र नव्हते. वाचन ही शाळेने दिलेली पहिली विद्या. तिचा हा उपयोग माजी विद्यार्थ्यांना अपरिचित वाटू नये.