बिबट्याला न सुटणारी गाठ

नखं कापताना जमिनीवर पडलेला एक तुकडा उचलून नीट बघा. तो आहे केराटिनचा. आपल्या केसांत, गाईच्या शिंगात, घोड्याच्या खुरात असतं तेच हे प्रथिन. खवले मांजराच्या अंगावरचा खवलाही त्याचाच बनलेला. या खवल्यांनी भरलेले कंटेनर २०१९ च्या एप्रिलमध्ये सिंगापूरला आठवडाभरात दोनदा पकडले गेले: आधी १२.९ टन, मग १२.७ टन. नायजेरियाहून व्हिएतनामला निघालेले, दोन्ही मिळून सुमारे ३८,००० जनावरांचे.

खवले मांजर हे मुळात मांजर नव्हेच. अंगावर असे खवले असलेले सस्तन प्राणी जगात फक्त याच कुळातले. आपल्या कोकणातही ते आहे, पण रात्री फिरणारं, बुजरं, म्हणून गावात जन्म काढलेल्यांनाही क्वचितच दिसतं. तोंडात एकही दात नाही. जिभेचं मूळ घशात नाही, तर पार छातीच्या पिंजऱ्यात, शेवटच्या बरगड्यांच्या आसपास! ही लांब, चिकट जीभ वारुळात शिरते आणि मुंग्या, वाळवी घेऊन परत येते. मुंग्या अंगावर आल्या की ते नाकपुड्या आणि कान मिटून घेतं. सोबत गिळलेले बारीक खडे पोटात दातांचं काम करतात. पिल्लू एका वेळी बहुधा एकच. ते आईच्या शेपटीवर बसून फिरतं. चाहूल लागली की आई त्याला पोटाशी घेते, स्वतःला त्याच्याभोवती गुंडाळून घेते आणि वरून शेपटी घट्ट आवळते. बिबट्या पंजा मारून बघतो, लोळवून बघतो, पण ही गाठ त्याला सुटत नाही.

माणसाला ती सोडवावीच लागत नाही. पळणं नाही, चावणं नाही, जनावर नुसतं गोळा होऊन पडलेलं. उचललं आणि पोत्यात घातलं की संपलं. ज्या युक्तीने ते बिबट्यापासून वाचतं, तीच त्याला आपल्या हातात आणून देते. मला हे फार लागतं.

पकडणाऱ्याला बहुतेक वेळा त्याचा उपयोगही ठाऊक नसतो. ‘याचे लाखो मिळतात’ एवढं कुणाकडून तरी कानावर आलेलं असतं. कधी पैशाचा पाऊस पाडून देणारा एखादा भोंदू मागे असतो. मग मोबाइलवर फोटो फिरतो, दलाल शोधला जातो. अनेकदा समोरचं ‘गिऱ्हाईक’ हे वनखात्याने किंवा पोलिसांनी पाठवलेलं असतं आणि पोतं सापळ्यातच उघडतं. खवले मांजर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. नुसते खवले जवळ बाळगणं हाही गुन्हाच. आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून बंदी आहे. जिथल्या पारंपरिक औषधांत ते वापरले जातात, त्या खुद्द चीनने २०२० मध्ये आपल्या अधिकृत औषधकोशातून हे खवले वगळले.

कायदा पक्का आहे, पण रात्री दोन वाजता काजूच्या बागेत तो उभा नसतो. तिथे असतो बागेचा राखणदार, नाहीतर उशिरा घरी परतणारा रिक्षावाला. चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था खवले मांजरासाठी गावांतून काम करते ती म्हणूनच. पहिला फोन दलालाला जातो की वनखात्याला, यावर त्या जनावराचा जीव अवलंबून असतो.

तेव्हा ते दिसलं तर हात लावू नका, कुत्री आवरा, वाट मोकळी ठेवा. फोटो काढलात तर जागेच्या नावासकट व्हॉट्सॲपवर टाकू नका. शिकारीही तेच ग्रुप वाचतात. कुणी विकायला काढलंय असं कळलं, तर त्याच्याशी भांडायला जाऊ नका. गाडीचा नंबर आणि ठिकाण लक्षात ठेवा आणि महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवा.